चवीपुरती साखर

आमच्या घरात मेयोनीजला ‘पांढरी चटणी’ म्हणतात. नाव आईने ठेवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी लेकीने ते पाकीट पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आईने थेंबभर बोटावर घेऊन, डोळे बारीक करून चाखलं आणि निकाल दिला, “चटणीच आहे की ही. नुसतं तिखट घालायचं विसरलेत.” लेक आता बंगळुरूला असते आणि तिला मेयोनीज आवडेनासंही झालंय. मी मात्र अडकलो तो अडकलोच. पोळीला लावून, थालीपिठाशी, उकडलेल्या बटाट्यावर, आणि खरं सांगायचं तर रात्री अकराला फ्रिजच्या उजेडात, उभ्याने, चमच्याने.

दिवाळीनंतर रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.२. हा आकडा ५.७च्या खाली असता तर सुटलो असतो, ६.५ असता तर सरळ मधुमेही ठरलो असतो. मी मधेच, ओसरीवर. ही तपासणी मोठी चोंबडी आहे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं ती लक्षात ठेवून असते. आदल्या दिवशी लंघन करून लॅबमध्ये गेलं तरी गणपतीतले मोदक ती बाहेर काढतेच.

“पण मी बारीक आहे हो, डॉक्टर,” मी म्हटलं.

“म्हणूनच,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला एका फोटोबद्दल सांगितलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आलेला. दोन शास्त्रज्ञ शेजारी-शेजारी उभे आहेत, एक इंग्रज, जॉन युडकिन, आणि दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे वरून सडपातळ, आतून लोणी. मी रोज रास्ता पेठेतून, त्याच केईएमच्या जवळून स्कूटरने ऑफिसला जातो आणि आरशातल्या सपाट पोटावर विसंबून परतताना शंभर ग्रॅम फरसाण घेतो. आपल्या प्रकृतीचा शोध आपल्या रोजच्या वाटेवर लागलेला असतो आणि आपल्याला ते पन्नाशी ओलांडल्यावर कळतं, हे पेठेतल्या माणसाला जरा अपमानास्पदच आहे.

चहातली साखर गेली. चौथ्या दिवशी तिची आठवणही येईना. रविवारची जिलबी गेली, ती जरा दुखली. श्रीखंड वर्षातून दोनदाच, त्यामुळे त्याचा त्याग फुकटात पदरात पडला. एवढं सगळं सोडल्याच्या तोऱ्यात मी एका रात्री फ्रिज उघडला आणि चमचा तोंडात असतानाच पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पदार्थातले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. पहिलं तेल, दुसरं पाणी, तिसरी साखर. मोहरी, व्हिनेगर, मीठ, ज्यांच्यामुळे मी त्याला चटकदार समजत होतो, ते सगळे तिच्या मागे रांगेत. साखरेच्या शेजारी ‘मॉडिफाइड स्टार्च’ बसला होता, म्हणजे पीठच, शहरात शिकून आलेलं.

मग मी या पिठाच्या मागे लागलो. (बायको म्हणते, मला आजार झाला की त्याचं औषध घेण्याआधी मी त्याचा इतिहास घेतो.) अमेरिकेत मेयोनीज म्हणवून घ्यायचं तर त्यात निदान ६५ टक्के तेल लागतं, असा कायदा आहे. ‘सॅलड ड्रेसिंग’ म्हटलं की ३० टक्क्यांवर भागतं. १९३३ साली, मंदीच्या ऐन भरात, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्राफ्ट कंपनीने ‘मिरॅकल व्हिप’ नावाचं पांढरं प्रकरण बाजारात आणलं. तेल कमी, त्याची जागा भरायला शिजवलेल्या स्टार्चची खळ, आणि वर गोडी. मेयोनीजपेक्षा स्वस्त. आपल्याकडची बिनअंड्याची, गोडसर पांढरी पाकिटं पाहिली की मला ती त्याच घराण्यातली वाटतात.

हे आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. “कढीला पीठ लावतोच की आपण. नाहीतर फुटते.” बरोबरच होतं. ताकाला डाळीचं पीठ लावलं नाही तर उकळी येताच पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. कंपनीचं रसायनशास्त्र आणि आमचा ओटा यांच्यातलं अंतर तिने बसल्या जागी मिटवलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

ठरवलं, घरी करायचं. साखर नाही, पीठ नाही.

लेकीने फोनवर सांगितलेली कृती चार ओळींची होती आणि तिची सुरुवात ‘दोन अंड्यांचे बलक’ अशी होती. इथेच गाडी थांबली. आमच्या घरात अंडं येतं, पण गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यावर, आणि तो तवा घरात यायचा नाही. मिक्सरच्या भांड्यात कच्चं अंडं फिरवणं म्हणजे त्या भांड्याला घटस्फोट. शिवाय कच्च्या अंड्याच्या मेयोनीजची भीती निव्वळ सोवळ्याची नाही. त्यातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो म्हणून केरळने जानेवारी २०२३मध्ये त्यावर बंदी घातली, ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस तेलंगणाने, एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूने. आईची बंदी या तिघांपेक्षा जुनी आहे आणि तिला मुदत नाही.

मग दूध. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाणी यांचं भांडण मिटवतं. दुधात तेच काम त्यातली प्रथिनं करतात. प्रमाण सोपं आहे, एक वाटी दूध, दोन वाट्या तेल. दूध फ्रिजमधलं, कडक गार. उभ्या अरुंद भांड्यात दूध, मीठ, वर तेल, हँड ब्लेंडर तळाशी टेकवायचा, सुरू करायचा आणि अर्धा मिनिट हलवायचा नाही. मग अगदी सावकाश वर उचलायचा. लिंबू किंवा व्हिनेगर सगळ्यात शेवटी.

पहिल्या वेळी मी शहाणपणा करून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलं. घाण्याचं तेल तब्येतीला चांगलं, असं हल्ली सगळेच सांगतात. जमलं छान, पण चव आली ती सोलापुरी चटणी दुधात बुडवल्यासारखी. दुसऱ्या वेळी रिफाइंड सूर्यफूल घेतलं. तिसऱ्या वेळी दूध बाहेर राहिलं होतं, मी घाईत होतो, ब्लेंडर लगेच वर ओढला आणि भांड्यात पिवळसर पाण्यावर तेलाचे डोळे तरंगायला लागले.

“फुटलं,” आई दारातून म्हणाली.

मी ते ओतणार होतो. दीड पाव तेल! तिने हात धरला. ओट्यापाशी आली, डब्यातून मोहरीची डाळ काढली, खलबत्त्यात कुटली, वाटीत चमचाभर गार पाणी घालून बोटांनी फेसायला लागली. मोहरी फेसणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून नुसतं ऐकत आलो होतो, पाहत कधी आलो नव्हतो. भोपळ्याच्या भरतात, काकडीच्या कोशिंबिरीत, लिंबाच्या लोणच्यात ती असते, एवढंच ठाऊक. दोन-तीन मिनिटांत ती वाटी हलकी, फिकी, फसफसल्यासारखी झाली आणि मी वाकून वास घेतला तर झिणझिणी थेट टाळूत गेली. कोरडी मोहरी नुसती हुंगली तर असलं काही होत नाही. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातला एंझाइम जागा होतो आणि मग तो झणका तयार होतो. पाणी गरम असलं तर एंझाइम मरतो, म्हणून गार. आईने एंझाइमचं नाव ऐकलेलं नाही, पण गरम पाणी घ्यायला निघालेल्या सुनेला चाळीस वर्षांपूर्वीच्या सासूने हटकावं तसं मला हटकलं, “गार घे रे, नाहीतर चढत नाही ती.”

स्वच्छ भांड्यात ती फेसलेली मोहरी, चमचाभर गार दूध, आणि त्यावर ते फुटलेलं प्रकरण धारेने. ब्लेंडरचा आवाज बदलला. आधी पाण्यातून फिरल्यासारखा खळखळत होता, तो जड, घोगरा झाला. ज्याने हे कधी केलंय त्याला तो आवाज कळेल. भांड्यात पांढरं, मऊ, चमच्याला धरून राहणारं काहीतरी उभं राहिलं. मोहरीतही तेलाचे थेंब धरून ठेवण्याचा गुण असतो. नीट पाहिलं तर या घट्टपणाची गंमतच आहे, दूधही पातळ, तेलही पातळ, आणि दोन पातळ मिळून एक घट्ट. तेलाचे लाखो बारीक थेंब इतके दाटीवाटीने उभे असतात की कुणालाच हलता येत नाही. संध्याकाळी सहाची स्वारगेटची बस. माणसं तीच, पण दार लागलं की त्यांची एक भिंत होते.

ही पांढरी चटणी खरी झाली होती. फक्त मी आता साखरेची जागा रिकामी पाहत होतो आणि ती मला खुपत होती. आंबट होती, खारट होती, नाकात जाणारी होती, पण पाकिटातली नव्हती.

म्हणून पुढचे तीन आठवडे साखरेवाचूनच्या गोडीच्या मागे. स्टीव्हियाचे थेंब घातले तर खाऊन झाल्यावर जिभेच्या मुळाशी ज्येष्ठमधाची काडी राहिल्यासारखं. एरिथ्रिटॉल दिसायला हुबेहूब साखर, गोडीला तिच्याहून थोडं कमी, पण जिभेवर गारवा सोडतं, आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यावर त्याचे खडे परत जमतात. सकाळी पोळीवर लावलं तर कचकच, हरितालिकेच्या वाळूसारखी. सुक्रालोजच्या पुडीवर ‘शून्य साखर’ लिहिलेलं होतं आणि मागे घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पुन्हा स्टार्चचाच पुतण्या. पुडीत काहीतरी दिसावं म्हणून भर घालायची. शेवटी सुक्रालोजची गोळी आणली आणि व्हिनेगरमध्ये विरघळवली.

सुक्रालोजची गोष्ट मात्र मला फार आवडते. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून नाना संयुगं करत होते. त्यातलं एक टेस्ट करून बघ, असं त्यांना सांगण्यात आलं. सांगणाऱ्याच्या मनात तपासणी होती, फडणीसांना ऐकू आली चव, आणि त्यांनी ते जिभेवर ठेवलं. साखरेच्या सहाशे पट गोड. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे, पण कानाला जवळचे आहेत म्हणून त्यांच्याकडे हा किस्सा होतो. आपल्याकडे ब्लड टेस्ट आणि मिसळीची टेस्ट हे दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगने नांदतात, कुणाचाच गोंधळ होत नाही. माझ्या बाबतीत तर एकीमुळे दुसरी गेली. प्रयोगशाळेतली पांढरी पूड कुणाही फडणीसाने चाटू नये हे खरंच, पण त्याने ती चाटली याचा मराठी माणूस म्हणून मला थोडा अभिमानही आहे.

गोळीची चटणी पाकिटाच्या सगळ्यात जवळ आली. मी बरणीवर तारीख लिहिली, ‘बिनसाखर’ अशी चिठ्ठी लावली आणि रविवारी सकाळी सँडविच केलं. दोन स्लाइस, काकडी, टोमॅटो, बटाट्याच्या चकत्या, माझी चटणी. बायको वर्तमानपत्राच्या आडून बघत होती.

“एका चमच्यात किती साखर वाचली?”

मी तयारच होतो. पाकिटात शंभर ग्रॅमला साधारण आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे मोठ्या चमच्यामागे सव्वा ग्रॅमच्या आसपास. माझ्यात दुधातली उपजत साखर तेवढी, चमच्याला पाव ग्रॅम.

“आणि ब्रेडमध्ये?”

पांढऱ्या ब्रेडचं निम्मं वजन कर्बोदकांचं असतं. दोन स्लाइसचे पंचवीस-तीस ग्रॅम सहज. मी एक ग्रॅमसाठी तीन आठवडे, दोन लिटर तेल आणि एक ब्लेंडर घालवून पंचवीस ग्रॅमच्या गादीवर आरामात झोपलो होतो. शिवाय चटणीच्या प्रत्येक चमच्यात तेलाच्या ऐंशीएक कॅलरी होत्याच. साखर गेली म्हणून तेल कुठे जात नाही. बायको पुढे काहीच बोलली नाही. पुणेरी माणसाला वादात जिंकल्यावर गप्प बसता येतं, तेव्हा तो जास्त लागतो.

त्या दिवशी दुपारी मी कॅम्पात गेलो. मुद्दाम नाही, चष्म्याचं काम होतं. एमजी रोडवर मार्झोरिनपाशी थांबलो, आत गेलो नाही. कॉलेजात असताना परीक्षा संपली की आम्ही चौघं तिथे यायचो आणि मऊ, कडा कापलेल्या सँडविचमधल्या त्या पांढऱ्या थराला मी मनात ‘साहेबाची चव’ म्हणायचो. आमच्या पेठेतल्या घरात असलं काही नसतं, असं वाटायचं. रस्त्यावर उभं राहून मी ती चव आठवायचा प्रयत्न केला. आंबट, किंचित गोड, मोहरीचा नाकाशी येऊन परत जाणारा झणका, आणि सगळ्याला धरून ठेवणारी साय. अशी चव मी आधी कुठे खाल्ली होती, तेही आठवायला लागलो. मोहरी फेसून लावलेली आईची काकडीची कोशिंबीर आठवली. दही, फेसलेली मोहरी, मीठ, आणि चवीपुरती साखर.

आमच्याकडे ही चवीपुरती साखर कशात नसते? आमटीत गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीत साखर, वरून लिंबू पिळलं की त्याला उतारा म्हणून पुन्हा साखर. बाहेरगावचे लोक चेष्टा करतात, पण खाणाऱ्याला ती गोड लागत नाही, ती नसली तर मात्र कळतं. पाकिटातली तिसऱ्या नंबरची साखर मला वर्षानुवर्षं लागली नाही ती याचमुळे. रिपोर्ट आल्यावर मी वही घेऊन आईसमोर बसलो होतो, घरात दिवसाला किती साखर जाते ते काढायला. आमटीला किती? “खडाभर गूळ.” खडा केवढा? “असतो तेवढा.” भाजीला? “चवीपुरती.” चवीपुरती म्हणजे किती? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलंय, श्वास किती घेतेस. “हाताला कळतं ते. मोजलं की बिघडतं.” वहीत मी प्रश्नचिन्ह काढलं. ते पान अजून तसंच आहे.

गोळीचं मी थांबवलं. मधुमेहासाठी नाही, कंटाळून. आता चटणी करतो ती नुसती दूध, तेल, मोहरी, लिंबू, मीठ. मंडईतली कागदी लिंबं मिळाली तर उत्तमच. बरणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे दुधाच्या जिनसेवर मी भरवसा ठेवत नाही. ब्रेड महिन्यातून एखाद्या वेळी. बाकी दिवस काकडी, गाजर, वाफवलेला फ्लॉवर, कधी भाजलेलं पनीर. फेब्रुवारीत रिपोर्ट ५.९ आला. त्यातलं चटणीचं श्रेय किती आणि रोजच्या पाऊण तास तळजाईवर चालण्याचं किती, ते मी काढायला बसलो नाही. वहीचा अनुभव ताजा होता.

परवा शनिवारी आईला उपास नव्हता आणि बायको बाहेर गेली होती. आईने काकडी चोचवली, मीठ लावून पाणी पिळलं, दाण्याचं कूट घातलं. दही संपलं होतं. तिने फ्रिज उघडला, माझी बरणी काढली, चिठ्ठी लांब धरून वाचली आणि दोन चमचे त्यात घातले. मला न विचारता. कालवलं, कोथिंबीर पेरली, बोटाने चव घेतली. मी टेबलाशी बसून पाहत होतो. ती काहीच म्हणाली नाही, पण तिचा उजवा हात सवयीने मागच्या फळीवर गेला, साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि चिमूट आत जाऊन तिथेच थांबली.

मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं.

“किती घालू रे?”